परतलेल्या जवानाचे घर

आंबागडचा किल्ला भंडारा जिल्ह्याबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या एका टेकडीवर, झाडीत तो उभा आहे. देवगडच्या बख्त बुलंद राजाचा सरदार राजा खान पठाण याने १७०० च्या सुमारास तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी तिथे कैदखाना केला. या कैद्यांना किल्ल्यातल्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी प्यायला लावत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. किल्ला बांधणाऱ्याचे नाव राहिले, राज्यकर्त्यांची नावे राहिली. ते पाणी पिऊनही जो कुणी जिवंत सुटला असेल आणि टेकडी उतरून आपल्या गावी गेला असेल, त्याच्या घरात पुढे काय घडले, हे मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

लढून किंवा कैद भोगून परत आलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न बखरींनी सोडला, पोवाड्यांनी सोडला, शाळेच्या पुस्तकांनीही सोडला. तो नेटाने हाती घेतला सिनेमाने. मनात युद्ध घेऊन घरी आलेला सैनिक, त्याची बायको, आईवडील, भाऊ, लेकरे, एवढ्या माणसांवर उभा राहणारा कौटुंबिक चित्रपट जगभर ओळखीचा झाला आहे. आपल्याकडे तो अजून रुजलेला नाही. पुढच्या पानांत अशा चित्रपटांविषयी वाचायला मिळेल. त्याआधी हा विषय आंबागड-तुमसरच्या टापूत उभे राहून पाहायला हवा, कारण असे चित्रपट ज्यांच्या घरात घडतात ती माणसे पुण्या-मुंबईपेक्षा अशाच गावांत जास्त आहेत.

हा धानाचा आणि मँगनीजचा मुलूख. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी याच तालुक्यात. आयुध निर्माणी जिल्ह्यातच, जवाहरनगरला. कामठीची छावणी आणि तिथले ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्रही फार लांब नाही. भरतीच्या तयारीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरे या भागात नवी नाहीत. भरती झालेला पोरगा गावाला माहीत असतो. सुट्टीवर आलेला जवानही माहीत असतो: पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर लिहिलेली काळी पेटी, कँटीनचे सामान, लेकरांसाठी खाऊ, घरात महिनाभर पाहुण्यांची वर्दळ. मग एके दिवशी ती काळी पेटी शेवटची घरी येते. माणूस पेन्शनवर येतो तेव्हा त्याचे वय असते साधारण पस्तीस ते चाळीस. बहुतेकांचे मार्गी लागते. कुणी शेती पाहतो, कुणी बँकेत किंवा खाणीवर सुरक्षा रक्षक होतो, कुणी सरपंचकीला उभा राहतो. पण काहींचे मार्गी लागत नाही. झोप लागत नाही, लागली तर ओरडत जाग येते. गर्दीच्या लग्नात जेवायला बसायचे म्हटले तर आधी दार कुठे आहे ते पाहिले जाते. लेकराच्या हातून ताट पडले की बापाचा हात उठतो, आणि नंतर तोच बाप तासभर अंगणात एकटा बसतो. कॅलेंडरवर काही तारखा येतात तेव्हा घर जपून वागते. शेजाऱ्यांनी विचारले तर सांगितले जाते की तब्येत ठीक आहे, जरा बोलत नाहीत एवढेच. कँटीनच्या बाटलीचा उल्लेख कुणी करत नाही.

हे सगळे पडद्यावर कसे येते, त्याचा एक नीट पाहण्यासारखा नमुना डेन्मार्कचा आहे. सुझान बीर या दिग्दर्शिकेने २००४ साली 'ब्रोद्रे' नावाचा चित्रपट केला, म्हणजे भाऊ. पाच वर्षांनी जिम शेरिडन यांनी त्याचीच अमेरिकी आवृत्ती 'ब्रदर्स' नावाने केली. गोष्ट साधी आहे. थोरला भाऊ सैन्यात अधिकारी, धाकटा नुकताच तुरुंगातून सुटलेला, बापाच्या नजरेतून उतरलेला. थोरला अफगाणिस्तानात जातो, त्याचे हेलिकॉप्टर पाडले जाते, तो गेला असा निरोप घरी येतो. प्रत्यक्षात तो कैदेत असतो. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी तिथे त्याला आपल्याच सोबतच्या सैनिकाला स्वतःच्या हाताने ठार मारावे लागते. इकडे धाकटा भाऊ हळूहळू घर सावरतो, वहिनीचे स्वयंपाकघर दुरुस्त करून देतो, पुतण्यांशी खेळतो. आणि मग मेलेला भाऊ परत येतो.

अमेरिकी आवृत्तीतला जेवणाच्या टेबलाचा प्रसंग हा या प्रकारच्या सिनेमाचा धडाच म्हणावा. धाकट्या मुलीचा वाढदिवस आहे. टेबलाभोवती आजी-आजोबा, काका, आई, बाप. थोरल्या पोरीच्या हातात एक फुगा आहे आणि ती तो बोटाने घासते आहे. किर्र, किर्र. बाप एकदा सांगतो, थांबव. ती थांबवत नाही. प्रेक्षकालाही तो आवाज सोसवेनासा होतो. बाप फुगा फोडतो, आणि पोर रडत ओरडून आईबद्दल एक खोटे बोलून मोकळी होते. ज्या माणसाने अफगाणिस्तानात काय केले हे कुणालाच सांगितलेले नाही, त्याच्या मनात आता बायको आणि भावाबद्दलचा संशय घट्ट बसतो. पुढे तो तेच नवे स्वयंपाकघर लोखंडी सळईने फोडतो. एका फुग्याच्या आवाजावर दिग्दर्शकाने सगळे युद्ध टेबलावर आणून ठेवले. त्या प्रसंगात एकही बंदूक नाही, आणि तरी आधीच्या कैदेच्या दृश्यांपेक्षा तो अधिक भिववतो.

याच टेबलावर बसलेला आजोबाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो व्हिएतनामला जाऊन आलेला आहे. त्याने कधी काही सांगितले नाही, दारू प्यायला, धाकट्या मुलाला तोडून बोलत राहिला. म्हणजे हे घर परतलेल्या सैनिकाबरोबर जगण्याची ही दुसरी फेरी जगते आहे आणि पहिल्या फेरीतून कुणी काही शिकलेले नाही. वडील, काका, आजे सगळेच पलटणीत, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या अभिमानाच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. रात्रीच्या गोष्टी सांगितल्या जात नाहीत.

संशयाचा हाच धागा हिंदी सिनेमाने कसा वापरला, हे शेजारी ठेवून पाहावे. गुलजार यांच्या 'अचानक' (१९७३) मध्ये विनोद खन्नाचा मेजर लढाईवरून येतो, बायकोचे मित्राशी संबंध असल्याचे कळते आणि तो दोघांनाही मारतो. चित्रपट ताकदीचा आहे, एकही गाणे नसलेला, न्यायाबद्दल कठीण प्रश्न विचारणारा. पण तिथे बायको खरोखरच चुकलेली दाखवली आहे, त्यामुळे युद्धाला जाब द्यावा लागत नाही. 'ब्रोद्रे'मधली बायको चुकलेली नाही. घर उद्‌ध्वस्त होते ते कुणाच्या दुराचाराने नव्हे, तर एका माणसाला जे सांगता येत नाही त्याने. ही वाट अवघड आहे आणि म्हणूनच ती अधिक खरी आहे.

परतलेल्या सैनिकाच्या मनाच्या या आजाराला मान्यता द्यायला शास्त्रानेही फार वेळ घेतला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'शेल शॉक' हे नाव वैद्यकीय नियतकालिकात आणले. तोफगोळ्याच्या धक्क्याने मेंदू हादरतो, असा तेव्हाचा समज होता. पुढे ज्यांच्या आसपास एकही गोळा फुटला नव्हता अशांनाही तीच लक्षणे दिसू लागली, आणि त्यांना भ्याड म्हणायचे की आजारी, यावर सैन्यांमध्ये वर्षानुवर्षे घोळ चालू राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्करानेच जॉन ह्यूस्टन यांच्याकडून 'लेट देअर बी लाइट' हा माहितीपट करून घेतला. मानसिक उपचार घेणारे खरे सैनिक त्यात बोलताना, रडताना, अडखळताना दिसतात. लष्कराने तो दाबून ठेवला आणि लोकांना तो पाहायला मिळण्यात जवळजवळ साडेतीन दशके गेली. आघातानंतरचा ताणविकार म्हणून ज्याला आज ओळखले जाते, त्याला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत यादीत १९८० साली जागा दिली. व्हिएतनामहून परतलेल्यांनी त्यासाठी बराच आवाज उठवला होता. त्या आधीच, १९७८ मध्ये, 'कमिंग होम' आणि 'द डिअर हंटर' येऊन गेले होते. यादीच्या दोन वर्षे आधी सिनेमा तिथे पोहोचला होता, हे मुद्दाम सांगायला हवे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध दूरचा नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात, आजच्या इराकमधल्या कुत अल अमारा इथे, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर ब्रिटिश-हिंदी फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. त्यांत मराठा पलटणी होत्या: १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फंट्री, आणि ११७ क्रमांकाची मराठा पलटण. वेढ्यात घोडे आणि खेचरे कापून खाण्याची वेळ आली होती, नंतर वाळवंटातून पायी चालवत नेण्यात आले, हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. जे वाचले ते युद्ध संपल्यावर कोकणात, देशावर, आपापल्या गावी परतले. त्या घरांत काय झाले? घोड्याचे मांस खाऊन आलेल्याला पंगतीत कुठे बसवले? त्याच्या मृत्यूची बातमी आधीच आली असेल तर बायकोचे काय झाले होते? यातल्या प्रत्येक प्रश्नावर एक मराठी चित्रपट होऊ शकतो. अजून एकही झालेला नाही.

साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव नावातच 'मिलिटरी' लावते. पहिल्या महायुद्धात या गावाचे ४६ जण कामी आले आणि त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. घराघरांतून लष्करात जाण्याची परंपरा आजही चालू आहे. ४६ हा आकडा गावातल्या लहान मुलालाही पाठ असतो, आणि तो असावाच. जे परतले, त्यांची संख्या कुठल्या दगडावर नाही. मेलेल्याचा सन्मान करण्याची रीत आपण चांगली बसवली आहे. जिवंत परतलेल्याची विचारपूस करण्याची रीत बसायची आहे, आणि सिनेमाने ती बसवायला मदत करावी, ही अपेक्षा फाजील नाही.

मराठी माणसाने या विषयाला जवळून हात घातला तो हिंदीत. नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव चित्रपट 'प्रहार' १९९१ साली आला. त्यासाठी त्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर खरोखरचे प्रशिक्षण घेतले, आणि कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, ते त्या भागात जाऊन सैन्याबरोबर राहिले. 'प्रहार'चा पूर्वार्ध कमांडोंच्या प्रशिक्षणाचा आहे, आणि तो आजही हिंदी पडद्यावरच्या अशा चित्रणांत वरच्या रांगेत बसतो. मेजर चौहानच्या हाताखाली पीटर डिसूझा हा मुंबईचा पोरगा घडतो. बापाची इच्छा नसते. हा बाप हबीब तन्वीर यांनी केला आहे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची ती नाराज माया विसरता येत नाही. ओलीस धरलेल्या शाळकरी मुलांना सोडवताना पीटर पाय गमावतो आणि घरी येतो.

इथपर्यंत हा परतलेल्या सैनिकाचाच चित्रपट आहे. पीटर बापाच्या बेकरीत बसतो, माधुरी दीक्षितने केलेल्या शर्लीशी त्याचे लग्न ठरलेले आहे. गुंड हप्ता मागायला येतात, तो देत नाही, आणि ते त्याला मारतात. वस्ती पाहत राहते. पुढे मेजर येतो, साक्षीदार शोधतो, एकही मिळत नाही, तेव्हा स्वतःच त्या गुंडांना संपवतो. न्यायालय त्याला मनोरुग्ण ठरवून इस्पितळात पाठवते.

'प्रहार' आजही अस्वस्थ करतो, कारण त्याचा राग प्रामाणिक आहे. पण या पुस्तकाच्या विषयापुरते पाहिले तर तो दोन ठिकाणी थांबला. पीटरला घरी जगायला त्याने फार थोडा वेळ दिला. पाय गेलेला कमांडो पहाटे उठून काय करतो, भट्टीपुढे किती वेळ उभा राहू शकतो, शर्ली त्याच्याकडे कशी पाहते आणि तो तिच्या नजरेचा काय अर्थ लावतो, हे कळायच्या आत त्याचा खून होतो. दुसरे, मेजरचे वेड हे चित्रपटाने समाजावरचा आरोप म्हणून वापरले: शहाणा तो एकटा, वेडे बाकीचे. हा आरोप ऐकायला जोरदार आहे. पण खरा आजारी सैनिक त्याच्याआड झाकला जातो. ज्याला रात्री झोप नाही आणि ज्याच्याकडे कुणाला मारून टाकावे असा गुंडही नाही, त्याला 'प्रहार'मध्ये स्वतःला ओळखता येत नाही.

शरीराच्या जखमेबद्दल आपला सिनेमा अधिक मोकळा आहे. सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. त्याआधी ते सैन्यातले बॉक्सर होते. मुंबईच्या नौदल इस्पितळात, अश्विनीत, त्यांचे उपचार झाले, पोहणे सुरू झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये पद्मश्री, आणि २०२४ मध्ये कबीर खान यांचा 'चंदू चॅम्पियन'. गोष्ट खरी आहे आणि थोर आहे. तरी इस्पितळाची खाट ते पदक या मधल्या सात वर्षांतल्या रात्रींकडे चित्रपट धावत्या नजरेने पाहतो, कारण त्याला पदकापर्यंत पोहोचायचे आहे. पदक न मिळालेल्यांसाठी पुण्यात संस्था उभ्या राहिल्या: कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, आणि कण्याला मार लागलेल्या जवानांसाठी खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. चाकाच्या खुर्चीवर वर्षानुवर्षे राहणारी, तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारी माणसे खडकीच्या त्या केंद्राने पाहिली आहेत. कॅमेरा तिकडे क्वचित वळला.

आणि एक गोष्ट अशी, जी 'ब्रोद्रे'ला अगदी जवळून भेटते. धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचे चंदू चव्हाण, राष्ट्रीय रायफल्सच्या ३७ व्या तुकडीतले जवान, २९ सप्टेंबर २०१६ रोजी नियंत्रण रेषेपलीकडे पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. ही बातमी ऐकून त्यांना सांभाळणाऱ्या आजीने प्राण सोडला. २१ जानेवारी २०१७ रोजी वाघा सीमेवरून ते परत आले. तोवर घरच्यांनी आजीच्या अस्थी विसर्जनासाठी थांबवून ठेवल्या होत्या. टीव्हीच्या वाहिन्यांनी सुटकेचा दिवस दाखवला, आणि मग त्या पुढच्या बातमीकडे गेल्या. कौटुंबिक चित्रपट नेमका तिथून सुरू होतो. पोरगा परत येतो त्या घरात आजी नाही, आणि ती का नाही हे त्याला आता सांगायचे आहे.

अशा चित्रपटासमोरचे मोठे संकट म्हणजे तयार नमुना. डोळे मिटले की स्फोट, मागे रणवाद्य, घामाने भिजून उठणे, आरशावर मूठ. हे इतक्यांदा आले आहे की प्रेक्षक ते पाहून शांतपणे चहा पितो. प्रत्यक्षात आजार याहून साधा आणि चिवट असतो. डॉक्टर ज्या लक्षणांची यादी सांगतात त्यांत दचकणे आणि दुःस्वप्ने असतात, तशीच टाळाटाळ असते, एकेकाळी आवडणाऱ्या गोष्टीत मन न लागणे असते, माणसांपासून तुटल्यासारखे वाटणे असते, क्षुल्लक गोष्टीवर भडका असतो. पडद्यावर यातली पहिली दोनच येतात. टाळाटाळ दाखवायला दिग्दर्शकाला धीर लागतो, कारण ती दिसते न घडलेल्या गोष्टींतून: न उचललेला फोन, न गेलेले लग्न, कोठारात तशीच पडलेली काळी पेटी.

तुमसरच्या टापूत अशी गोष्ट घडवायची तर आवाजासाठी वेगळे काही जुळवावे लागणार नाही. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, तिथे सुरुंग उडतात. धान मळणीच्या यंत्राचा घरघराट असतो. लग्नसराईत बँड आणि फटाके असतात, दिवाळीत लक्ष्मीपूजनाची रात्र असते. गावाला यातले काहीच ऐकू येत नाही इतकी त्याची सवय असते. परतलेल्या माणसाला सगळे ऐकू येते. ध्वनीवर मेहनत घेणारा एखादा तरुण दिग्दर्शक इथून मोठे काम करून जाईल.

आणि त्याला प्रेक्षकही आयता मिळेल. झाडीपट्टीची रंगभूमी भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत दिवाळीनंतर जागी होते. गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, पाहुणे येतात आणि रात्री नाटक सुरू होते ते पहाटेपर्यंत चालते. अंगावर घोंगडी, शाली, मांडीवर झोपलेली लेकरे, शेतमजुरापासून सरपंचापर्यंत सगळे एकाच मंडपात. वडसा-देसाईगंज हे या कंपन्यांचे केंद्र. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने या रंगभूमीकडे जरा मान वळवून पाहिले. इथली नाटके बहुतेक घराचीच असतात: भाऊ-भाऊ, सासू-सून, दारूने बुडालेला संसार, शिकून परका झालेला मुलगा. प्रेक्षक मोकळेपणी रडतो, त्याची लाज वाटून घेत नाही. परतलेल्या जवानाच्या घराची गोष्ट सांगायला यापेक्षा योग्य मंडप महाराष्ट्रात दुसरीकडे सापडणे कठीण आहे. शहरी प्रायोगिक नाटकाला जो विषय जड वाटेल तो इथे सहज पेलला जाईल, कारण इथल्या बायामाणसांना त्यातले अर्धे आधीच माहीत आहे.

बायामाणसांचा उल्लेख मुद्दाम केला. असे चित्रपट चांगले आहेत की नाहीत, हे शेवटी बायकोच्या भूमिकेवरून ठरते. विल्यम वायलर यांच्या 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' (१९४६) मध्ये होमर नावाचा नौसैनिक दोन्ही हात गमावून, हातांच्या जागी लोखंडी आकडे लावून परत येतो. ही भूमिका हॅरोल्ड रसेल या माणसाने केली, ज्याचे दोन्ही हात सैन्यात असताना प्रशिक्षणातल्या स्फोटात खरोखर गेले होते. होमर वाग्दत्त वधूला टाळत राहतो. एका रात्री तो तिला आपल्या खोलीत नेतो आणि झोपण्याआधी आकडे कसे काढून ठेवावे लागतात, ते काढल्यावर आपल्याला दारही उघडता येत नाही, हे करून दाखवतो. विल्मा पाहते, आणि त्याच्या सदऱ्याची बटणे लावते. तिथे तिला ना त्याग करायला लावले आहे ना देवी केले आहे. तिने पाहिले आणि ठरवले, एवढेच. 'ब्रदर्स'च्या शेवटी नवऱ्याला इस्पितळात भेटायला गेलेली बायकोही असेच करते: काय झाले ते सांग, नाही तर मी परत येणार नाही. सोसत बसणारी बायको हिंदी-मराठी पडद्यावर ढिगाने आहे. प्रश्न विचारणारी हवी आहे.

हा विषय आता लांबणीवर टाकता येण्यासारखाही नाही. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार अग्निवीर चार वर्षांसाठी भरती होतात आणि त्यांतल्या एक चतुर्थांशांना पुढे कायम ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे उरलेले बाविशी ते पंचविशीत घरी येतील. पूर्वीचा जवान परतायचा तेव्हा त्याला बायको, लेकरे, बांधलेले घर असायचे. हा परतेल तेव्हा बहुधा आईवडिलांच्याच घरात येईल, लग्नाच्या बोलणीपाशी. परतीच्या गोष्टीचे पात्रच बदलणार आहे, आणि पटकथा लिहिणाऱ्यांना आईबापांकडे नव्याने पाहावे लागणार आहे.

मदतीच्या व्यवस्था आहेत, त्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून इथेच नोंदवाव्यात. भारत सरकारची टेलि-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. माजी सैनिकांच्या उपचारांसाठी ईसीएचएस योजना २००३ पासून आहे, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय भंडाऱ्यातही आहे. अशा चित्रपटाचा खेळ गावात लावणाऱ्यांनी तो क्रमांक पडद्यावर किंवा मंडपाच्या खांबावर मोठ्या अक्षरांत लावावा. चित्रपट पाहून रात्री कुणाच्या तरी घरात बोलणे निघेल, आणि तेव्हा तो हाताशी असावा.

पाहण्याच्या क्रमाबद्दल एक सूचना. सुरुवात 'प्रहार'ने करावी, कारण तो ओळखीचा आहे आणि त्यावर भांडता येते. मग 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज': काळापांढरा, लांबीने जवळजवळ तीन तासांचा, पण घरच्या मंडळींबरोबर बसून पाहता येईल असा. त्यानंतर 'ब्रोद्रे'. शेरिडनची आवृत्ती पाहिलेली असली तरी मूळ डॅनिश पाहावा, तो कमी देखणा आणि अधिक कठोर आहे. लहान मुलांना तो दाखवू नये. ज्यांच्या घरात कुणी नुकतेच पेन्शनवर आले आहे त्यांनी आधी एकट्याने पाहावा, आणि त्या माणसाला सोबत बसवायचे की नाही ते मग ठरवावे. 'लेट देअर बी लाइट' तासाभराचा आहे, तो शेवटी ठेवावा. तोवर आकडे, फुगा, बेकरी सगळे पाहून झालेले असते. त्यात नट नाहीत. एक तरुण सैनिक डॉक्टरसमोर बोलायचा प्रयत्न करतो आणि पहिलाच शब्द त्याच्या तोंडातून फुटत नाही.